छोटी वाइन म्युझियम टूर आणि टेस्टिंग: बुकिंगपासून शेवटच्या घोटापर्यंत कुठे काय चुकतं

तास-दीड तासाची टूर, त्यातली शेवटची पंधरा-वीस मिनिटं टेस्टिंग. लोक तासभर ग्लास कधी हातात येतोय याची वाट बघत फिरतात, मग ग्लास आला की दोन घोटात संपवतात, "मस्त आहे" म्हणतात, आणि बाहेर आल्यावर विचारलं की चाखलेल्या तीन वाइनमधली कुठली आवडली तर कुणालाच धड आठवत नाही. मी बऱ्याच टूर केल्यात, ओळखीच्यांना सोबत घेऊन पण गेलेय, आणि माझ्या मते चूक टेस्टिंगच्या टेबलावर होतच नाही, ती आधीच झालेली असते, सकाळी आंघोळ करून तयार होताना, नाहीतर बुकिंग करताना. आणि अजून एक, आत जे बघितलं त्याचा ग्लासातल्या वाइनशी काही संबंध आहे हे कुणी सांगतच नाही. म्हणून क्रमाने लिहितेय, क्रम बदलू नका.

१. बुकिंग: तिकिटावर काय लिहिलंय ते पूर्ण वाचा

"टूर विथ टेस्टिंग" या एका नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. कुठे खरा माणूस गाईड म्हणून सोबत असतो, कुठे कानाला लावायचं यंत्र देतात आणि तुम्ही एकटे फिरता, कुठे तीन वाइन बसून चाखायला मिळतात आणि कुठे शेवटी काउंटरवर उभ्याने एक ग्लास. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातलं ला सिते द्यू व्हॅं हे वाइन म्युझियम घ्या, २०१६ साली सुरू झालं, तिथल्या कायमच्या प्रदर्शनात डिजिटल गाईड हातात घेऊन आपलं आपण फिरायचं असतं आणि शेवटी आठव्या मजल्यावर जाऊन एक ग्लास घ्यायचा. गाईडसोबत बसून चाखायचं सेशन हवं असेल तर ते वेगळं बुक करावं लागतं. हे माहीत नसलेला माणूस तिथे जाऊन "गाईड कुठाय" म्हणून शोधत बसतो.

बुक करायच्या आधी एवढं बघाच: किती वाइन, टूर कुठल्या भाषेत, सांगितलेल्या वेळात टेस्टिंग धरलंय की ते वेगळं, बसायला मिळणार का, आणि तळघर असेल तर लिफ्ट आहे का. हा शेवटचा मुद्दा आई-वडिलांना नेणाऱ्यांसाठी. जुनी तळघरं म्हणजे अरुंद गोल जिना, ओलसर पायऱ्या, आणि परत वर यायला तोच रस्ता.

वयाचं पण बघा. फ्रान्समध्ये १८, जपानमध्ये २०, अमेरिकेत २१, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा, चेहऱ्यावरून मोठे दिसत असलात तरी. मुलं सोबत असतील तर त्यांना द्राक्षाचा रस मिळतो का ते आधीच विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी मिळतो, पण मागितला तरच.

वेळ निवडताना शक्यतो सकाळचा, जेवणाच्या आधीचा स्लॉट घ्या. तेव्हा नाक ताजं असतं, थोडी भूक असली की वास जास्त कळतात, आणि ग्रुप पण लहान असतो. जेवून सुस्तावल्यावरचा तीनचा स्लॉट सगळ्यात वाईट.

⚠ थांबा: एका दिवसात दोन टूर बुक करू नका. दुसऱ्या ठिकाणी काही लक्षात राहत नाही, पैसे वाया.

२. त्या दिवशी सकाळी: नाक आणि तोंड जपा

हा टप्पा सगळे उडवतात, आणि माझं सगळ्यात जास्त म्हणणं इथेच आहे.

आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो-मशरूमसारखी रसरशीत चव) एवढंच कळतं, बाकी फळ, फूल, धूर, माती हे सगळं नाकाचं काम. सर्दी झालेली असताना जेवण बेचव लागतं ते त्यामुळेच. म्हणून नाक चोंदलं असेल तर टूरची तारीख बदलता येते का बघा, खरंच सांगते, अशा अवस्थेत टेस्टिंग म्हणजे कान बंद करून गाण्याला जाणं.

परफ्यूम नको, आफ्टरशेव्ह नको, जास्त वासाचं डिओ नको, केसाला वासाचं तेल पण नको. स्वतःसाठी तर आहेच, पण बंद खोलीत पंधरा माणसं गोल उभी असतात आणि एकाचं परफ्यूम सगळ्यांच्या ग्लासात जातं. आणि हात विसरू नका! माझी मावसबहीण आली होती, परफ्यूम नाही, काही नाही, सगळं सांगितलेलं ऐकलं, पण तळघरात थंडीने हात कोरडे पडले म्हणून टेस्टिंगच्या दोन मिनिटं आधी तिने लव्हेंडरची हँडक्रीम लावली. पहिल्या पांढऱ्या वाइनला तिने कागदावर लिहिलं, फुलांचा वास. दुसऱ्या वाइनला पण फुलांचा वास. तिसऱ्या, चांगल्या जड लाल वाइनला पण तेच. ग्लास नाकाशी नेला की हात नाकापासून चार बोटांवर असतो, ती तिन्ही वेळा स्वतःचाच हात हुंगत होती. गाईडने तिला साध्या पाण्याने हात धुवून यायला सांगितलं तेव्हा कुठे तिसरी वाइन तिला कळली, पहिल्या दोन गेल्याच. सॅनिटायझरचं पण तसंच, ग्लास हातात घ्यायच्या अगदी आधी लावू नका.

दात घासून आणि टेस्टिंगमध्ये किमान एक तास जाऊ द्या. टूथपेस्टमध्ये फेस आणणारा जो पदार्थ असतो तो जिभेची गोडाची जाणीव दाबतो आणि आंबट गोष्ट कडवट लागते. पुदिन्याचं च्युइंगगम, कडक कॉफी, सिगारेट, हे पण तासभर आधी बंद. लिपस्टिक असेल तर पुसून टाका, काठाला लागते आणि तिला स्वतःचा वास असतो.

आणि खाऊन या, पण पोट तुडुंब नको. रिकाम्या पोटी दारू फार पटकन रक्तात जाते, तीन छोट्या घोटांनी पण डोकं हलकं होतं आणि मग लक्ष कुठे राहतं. दीड-दोन तास आधी काहीतरी पोटभरीचं पण सौम्य खा. तिखट टाळा, तिखटाने भाजलेल्या तोंडात अल्कोहोल अजून जळजळ करतं आणि बारीक चवी सगळ्या जातात. पाणी भरपूर.

कपडे गडद रंगाचे घाला, लाल वाइनचा डाग पांढऱ्या शर्टावरून सहज जात नाही. वाइन ठेवायची तळघरं साधारण १० ते १४ अंशांवर असतात, बाहेर कितीही ऊन असो, म्हणून एक जाकीट किंवा शाल हवीच. बूट सपाट तळाचे.

⚠ औषधं: मेट्रोनिडाझोल (एक अँटिबायोटिक) चालू असेल, झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या गोळ्या असतील, लिव्हरचा काही त्रास असेल, तर टेस्टिंग करायचंच नाही, नुसती टूर करा. मधुमेहाची औषधं असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर असाल तर द्राक्षाचा रस मागा. यात कुणाला काही स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

⚠ गाडी: कोण चालवणार ते निघायच्या आधी ठरवा, तिथे गेल्यावर नाही. हिशोब बघा, ४० मिलीच्या तीन वाइन म्हणजे १२० मिली, १३ टक्के धरलं तर जवळपास १२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. शरीर तासाला साधारण ७-८ ग्रॅम काढतं, तेही माणसागणिक बदलतं. "चाखलीच तर आहे" हे गाडीला लागू होत नाही.

३. पोचल्यावर: पंधरा मिनिटं आधी, आणि गाईडला दोन गोष्टी सांगा

वेळेवर पोचणं म्हणजे उशिरा पोचणं. मोठ्या बॅगा लॉकरमध्ये ठेवायला लावतात, काउंटरला रांग असते, टॉयलेटला जाऊन यायचं असतं, आणि छोट्या टूरमध्ये पहिली पाच मिनिटं चुकली की गाईड पुढे निघून गेलेला असतो. मध्ये घुसायला देतीलच असं नाही.

सुरू व्हायच्या आधी गाईडला शांतपणे गाठा आणि सांगा: एक, कुठली ॲलर्जी आहे का. दोन, तुम्ही शाकाहारी आहात का.

दुसरं ऐकून लोक चकित होतात, वाइन तर द्राक्षाची. पण वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरतात. तो गढूळपणा घेऊन तळाला बसतो आणि काढून टाकला जातो, पण ज्यांना चालत नाही त्यांना चालत नाही. बेंटोनाइट नावाची माती वापरून पण तेच काम होतं, आणि अशा वाइन भरपूर मिळतात. आधी सांगितलं तर गाईड बाटली बदलून देऊ शकतो, ग्लास भरल्यावर सांगितलं तर त्याच्याही हातात काही नसतं. लेबलवर "सल्फाइट आहे" (वाइन टिकवायचा पदार्थ) असं दिसलं तर घाबरू नका, युरोपात लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की लिहावंच लागतं, म्हणजे जवळपास प्रत्येक बाटलीवर. पण दमा असेल आणि सल्फाइटचा त्रास आधी झाला असेल तर मात्र जपून.

✔ चेक: बॅग ठेवली, पाणी प्यायलं, टॉयलेट झालं, फोन सायलेंट, गाईडला सांगून झालं.

४. टूर: आत जे दिसतंय ते पुढे ग्लासात शोधायचंय

गाईडच्या अगदी पुढ्यात नको आणि शेपटाला पण नको, दुसऱ्या रांगेत बाजूला उभे राहा. ऐकू येतं आणि वस्तू पण दिसते. फोटो काढायचे तर गाईडचं बोलणं संपल्यावर काढा, फ्लॅश बंद. लांबलचक प्रश्न एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालताना विचारा, सगळे थांबलेले असताना विचारलात तर ती मिनिटं टेस्टिंगमधूनच कापली जातात, छोट्या टूरला दुसरीकडून वेळ येणार कुठून.

सगळं लक्षात ठेवायला जाऊ नका. तीनच ठिकाणी नीट लक्ष द्या.

पहिलं, द्राक्षं दाबायचा प्रेस. इथे विचारा, रस सालीसकट आंबवला की साल आधी काढली. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पण आतून जवळपास बिनरंगीच असतो, रंग सालीत असतो. लाल वाइन सालीसकट आंबवतात म्हणून तिला रंग पण येतो आणि तुरटपणा पण. पांढऱ्या वाइनसाठी आधी दाबून रस वेगळा करतात. एवढं कळलं की पुढे ग्लासात अर्धी गोष्ट आपोआप समजते.

दुसरं, लाकडी पिंप. बोर्दोच्या नेहमीच्या पिंपात २२५ लिटर मावते, म्हणजे ७५० मिलीच्या बरोबर ३०० बाटल्या. ओकच्या फळ्या वाकवायला आतून आच देतात आणि त्या भाजलेल्या लाकडातून व्हॅनिलाचा, धुराचा, मसाल्याचा वास वाइनमध्ये उतरतो. लोक समजतात वाइनमध्ये व्हॅनिला घालतात. घालत नाहीत, तो लाकडाचा आहे. पिंप नवं असेल तर वास जास्त, तीन-चारदा वापरलेलं असेल तर फारसा नाही. गाईडला विचारा, आज चाखणार त्यातली कुठली पिंपात होती? हा एक प्रश्न खिशात घालून पुढे चला.

तिसरं, बाटली आणि बूच. काही म्युझियममध्ये भोकं पाडलेली उतरती लाकडी फळी दिसते, तिच्यात बाटल्या मान खाली करून खोचलेल्या. शॅम्पेनच्या पद्धतीने केलेल्या वाइनमध्ये बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होतं, आणि मेलेलं यीस्ट रोज थोडं थोडं फिरवून बुचाकडे आणतात, मग काढून टाकतात. बुडबुडेवाल्या वाइनला ताज्या पावासारखा वास येतो तो त्या यीस्टचा.

वासाच्या बरण्या किंवा पंप असलेली खोली असेल तर सगळ्या हुंगत सुटू नका. चार-पाच झाल्या की नाक थकतं आणि पुढचं सगळं एकसारखं वाटायला लागतं. थकलंच तर स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावून दोन श्वास घ्या, स्वतःच्या कातडीचा वास नाकाला ओळखीचा असतो, थोडं ताळ्यावर येतं.

⚠ थांबा: टेस्टिंगच्या खोलीत शिरल्यावर खिडकीजवळची, उजेडाची जागा धरा. किचन आणि कॉफी मशीनपासून लांब.

५. टेस्टिंग: इथे घाई केलीत तर वरचं सगळं फुकट

क्रम ठरलेला असतो, आधी बुडबुडेवाली, मग पांढरी, मग गुलाबी, मग हलकी लाल, मग जड लाल, गोड सगळ्यात शेवटी. गोड आधी प्यायलात तर पुढची चांगली कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन नुसती आंबट लागेल आणि तुम्ही विनाकारण तिला नावं ठेवाल. तिन्ही ग्लास एकदम समोर ठेवले असतील तरी डावीकडून किंवा गाईड सांगेल तसंच.

ग्लास दांडीला धरा. पेल्याला धरलात की हाताच्या उबेने वाइन गरम होते. एक अपवाद, पांढरी वाइन फ्रीजमधून काढून अगदी बर्फासारखी दिली असेल आणि काहीच वास येत नसेल, तर दोन्ही तळव्यांत पेला धरून मिनिटभर थांबा. पांढरी साधारण ८ ते १२ अंशांवर आणि लाल १४ ते १८ वर बोलती होते.

बघा: पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा करा आणि काठाचा रंग बघा. लाल वाइनचा काठ जांभळट असेल तर ती तरुण, विटकरी-तपकिरी असेल तर वय झालेलं. ग्लासच्या आत थेंब ओघळतात, त्याला कुणी अश्रू म्हणतं कुणी पाय, आणि शेजारचा कुणीतरी "बघा किती भारी वाइन आहे" म्हणतोच. ते दर्जाचं लक्षण नाही. अल्कोहोल आणि साखरेचं प्रमाण काय आहे एवढंच त्यातून कळतं.

वास घ्या, दोनदा: आधी न हलवता. मग ग्लास टेबलावरच ठेवून दांडी धरून गोल फिरवा, हवेत फिरवू नका, शेजाऱ्याच्या कपड्यांवर जाते. परत हुंगा. छोटे छोटे दोन-तीन श्वास, एक मोठा ओढू नका. पहिल्या आणि दुसऱ्या वासात काय बदललं एवढंच बघायचं. आणि इथे खिशातला प्रश्न बाहेर काढा, पिंप होतं की नव्हतं? गाईडने सांगायच्या आधी मनात ठरवून टाका.

ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशी आलेल्या तळघराचा वास आला तर बूच खराब निघालंय, ती वाइनची चव नाही. गाईडला सांगा, तो हुंगून दुसरी उघडेल. लोक संकोचाने तसंच पितात आणि घरी येऊन सांगतात वाइन बेकार असते.

चाखा: एक-दोन चमचे तोंडात घ्या, पाच ते दहा सेकंद सगळीकडे फिरवा, ओठ थोडे उघडून हवा आत ओढा, आवाज होतो, होऊ द्या. आता तीन गोष्टी तपासा. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मान खाली घाला, तोंडाला पाणी सुटत असेल तर आंबटपणा चांगला आहे. जीभ वरच्या ओठाच्या आत हिरडीवर फिरवा, खरखरीत, कोरडी लागली तर तो तुरटपणा, सालीचा, बियांचा नाहीतर पिंपाचा. घशात ऊब लागली ते अल्कोहोल. तुरट आणि कडू यात गल्लत करू नका, आपल्याकडे दोन्हीला वेगळे शब्द आहेत तर वापरा. कडू जिभेवर कळतं, तुरट हिरड्यांवर आणि गालात कळतं. मग मनात आकडे मोजा, चव किती सेकंद टिकते, तीनलाच गेली का दहापर्यंत राहिली.

थुंकायचं भांडं शोभेला ठेवलेलं नाही. लोकांना लाज वाटते, पण रोज वाइन चाखणारे सगळे थुंकतात, दिवसाला पन्नास वाइन चाखायच्या तर दुसरा मार्गच नाही. घरी बेसिनमध्ये साध्या पाण्याने दोन दिवस सराव करा, ओठ चंबूसारखे करून जोर लावून बारीक धार सोडायची, हनुवटीवर ओघळत नाही. न आवडलेली उरलेली वाइन पण त्याच भांड्यात ओता, कुणाला वाईट वाटत नाही.

लिहा: प्रत्येक वाइनला तीनच शब्द, लगेच. गाईड "ब्लॅककरंट" म्हणाला आणि ते फळ तुम्ही कधी बघितलंच नसेल तर नुसती मान डोलावू नका. तुमच्या नाकाला काय आठवलं ते लिहा, पहिल्या पावसात भिजलेली माती, टोक केलेली पेन्सिल, नवीन वहीचं पान, चामड्याचा पट्टा. बरोबर-चूक असं काही नसतं, आणि सहा महिन्यांनी वाचलं तरी ती वाइन डोळ्यासमोर येते, ब्लॅककरंटने येत नाही.

✔ चेक: पुढच्या वाइनकडे जायच्या आधी दोन घोट पाणी, साधा पाव असेल तर एक तुकडा. चीज मात्र शेवटी, चीजने तुरटपणा झाकला जातो आणि सगळ्याच वाइन गोड स्वभावाच्या वाटतात.

६. दुकान आणि बाटली घरी नेणं

बाहेर पडायचा रस्ता दुकानातूनच जातो. लगेच घेऊ नका, वीस मिनिटं बाहेर बसा, पाणी प्या, कागद काढून वाचा, आणि तरी हवीशी वाटली तर परत आत जा. चाखलेल्या बाटलीच्या लेबलचा फोटो काढून ठेवला असेल तर वर्ष जुळवून बघा, नाव तेच पण वर्ष वेगळं असेल तर वाइन वेगळी.

विमानाने जाणार असाल तर १०० मिलीच्या वरची बाटली सहसा केबिनमध्ये नेता येत नाही, चेक-इन बॅगेत टाका, कपड्यांच्या मधोमध, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या बाटल्यांना विमान सुरक्षेच्या नियमात संख्येची मर्यादा नाही, पण उतरल्यावर कस्टमची असते, ती ज्या देशात उतरणार तिथली आधी बघून ठेवा. घरी पोचल्यावर आठवडाभर तिला आडवी, अंधारात, थंड जागी पडून राहू द्या, मग उघडा. आणि उघडलेली संपली नाही तर बूच लावून फ्रीजमध्ये, लाल असली तरी फ्रीजमध्येच, तीन ते पाच दिवसांत संपवा. लाल असेल तर प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.